कडू कागदाची कसोटी

आनुवंशिकतेच्या धड्याला जोडून पी.टी.सी.चा कागद जिभेवर ठेवण्याचा प्रयोग अनेक पुस्तकांत असतो. कडू लागला तर प्रभावी जनुक, न लागला तर दोन्ही अप्रभावी. मग घरच्यांना चाखायला देऊन वंशावळ काढा! प्रयोग गमतीचा खरा, पण ही मांडणी आम्हाला खटकते.

१९३१ साली आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत ही भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना मुळीच नाही. कडू लागणारे आणि न लागणारे अशी सरळ विभागणी तेव्हापासूनची. २००३ साली टीएएस२आर३८ हे जनुक सापडले. त्यात तीन जागी फरक आढळतात. त्यांच्या जोडणीनुसार कुणाला जहर कडू लागते, कुणाला जेमतेम. शिवाय या एका जनुकाने सगळा फरक उलगडत नाही. म्हणजे चव न लागणाऱ्या आईवडिलांच्या मुलाला कडू लागू शकते. वर्गात त्या मुलाचे काय होईल, याचा विचार पुस्तककारांनी केलेला दिसत नाही.

'कारले आवडत नाही, कारण जनुकच तसे' हेही घाईचे. हा ग्राहक कोबी-मोहरीच्या कुळातील काही द्रव्ये ओळखतो. कारल्यातील कडू द्रव्ये निराळी. माणसात कडू चवीचे सुमारे २५ ग्राहक आहेत. आणि कडू लागणे म्हणजे नावडणे नव्हे. लहानपणी मेथीला नाक मुरडणारे आम्हीच आज ती मागून घेतो.

कागद वर्गात जरूर वाटावा, घरी पाठवू नये. फळ्यावर दोन रकान्यांऐवजी 'किती कडू?' अशी शून्य ते दहाची पट्टी आखावी.