बरणीतला शिल्टन

‘१९८६ च्या वर्ल्ड कपातली अर्जेंटिना-इंग्लंड मॅच मी लाइव्ह पाहिलीय,’ हे वाक्य मी बँकेत डबा खाताना इतक्या वेळा टाकलं आहे, की आता आमचा शिपाईसुद्धा ते माझ्याबरोबर म्हणतो. तेव्हा मी आठ वर्षांचा. मुलुंडला दोन खोल्या, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, बाहेर जूनचा पाऊस. मेक्सिकोत भर दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्रीचे साडेअकरा.

परवा चिरंजीवांनी ती मॅच अख्खी शोधून दिली. जुनं चित्रण, पण मी पदरचे नव्वद मिनिटं घालून, पेन्सिल-कागद घेऊन पाहिलं. आम्ही कॉमर्सवाले, ताळा जमल्याशिवाय उठत नाही.

खरं सांगू? पहिला हाफ म्हणजे सर्व्हर बंद पडलेली शाखा. माणसं पुष्कळ, हालचाल पुष्कळ, काम जागच्या जागी. तेव्हा आपल्याच गड्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपर खुशाल हातात घेई (१९९२ साली हे बंद झालं), त्यामुळे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर आणि पुन्हा मूळ टेबलावर. अझ्टेकाच्या मधोमध कोळ्यासारखी एक सावली पडलेली. ती वर टांगलेल्या लाउडस्पीकरांची. चेंडू त्या कोळ्यावरून जातो-येतो, आणि आपण जांभया देतो. पण या जांभया पाहिजेत. नुसते गोल तेवढे पाहणं म्हणजे पासबुकात जमेचीच बाजू वाचणं. खातं कुणाचं हेच कळत नाही.

५१ व्या मिनिटाला मॅराडोनानं हातानं गोल केला. व्हाउचरवर सही खोटी, आणि पासिंग ऑफिसर (ट्युनिशियाचे अली बेनासर) यांनी ते पास केलं. अशा वेळी आमच्याकडे चौकशी लागते. मॅराडोनानं चारच मिनिटांत भरपाई केली. चेंडू स्वतःच्या हाफात घेतला आणि उजव्या बाजूनं निघाला. बियर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, पुन्हा बुचर (हा बिचारा दोन खिडक्यांवर उभा राहिलेला ग्राहक!) आणि शेवटी गोलकीपर शिल्टन. साठेक मीटर, दहाएक सेकंद, आणि एकदाही उजवा पाय चेंडूला लागत नाही. मैदान खडबडीत, चेंडू उसळतोय. डावीकडून वाल्दानो बरोबरीनं धावतोय. त्याला पास मिळेल या धास्तीनं इंग्लंडवाले अर्धं लक्ष तिकडे ठेवतात. तुकड्यात हे दिसत नाही. गोल एकट्याचा, पण हमीदार होता.

आता ताळा. आमच्या बाबांच्या गोष्टीत मॅराडोनानं नऊ जण चुकवले होते. इथे पाच. बाबांच्या गोष्टीत मॅच गोलाबरोबर संपायची. इथे पुढे पस्तीस मिनिटं आहेत, आणि शेवटी बार्न्स मैदानात आल्यावर इंग्लंडनं अर्जेंटिनाच्या नाकी नऊ आणलेत. ८१ व्या मिनिटाला लिनेकरचा गोल. नंतर तोच पुन्हा थोडक्यात हुकला. मला निकाल ठाऊक होता, तरी घाम फुटला. एवढं नाट्य बाबा गाळतील? ते तर डाळीतला खडासुद्धा चवीनं सांगायचे!

मग आठवलं, की बाबांनी तो गोल मला सोमवारी सकाळी दाखवला नव्हता. संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर दाखवला होता. काखेत पेपर होता. स्वयंपाकघरात डबे मांडून, वाटी पायानं ढकलत ते थेट मोरीपर्यंत गेले होते. माझी आठवणीतली ‘लाइव्ह’ मॅच तीच.

बाबा आता नाहीत. आईला विचारलं.

“कसली मॅच? निम्म्यात लाइट गेली ती पहाटे आली. तू तर त्याआधीच झोपलास. हे मात्र अंधारात टीव्हीसमोर बसून होते. आता येईल, आता येईल म्हणून.”

“मग मला सांगितलं का नाही कधी?”

“सकाळी उठल्या उठल्या तू विचारलंस, ‘बाबा, कोण जिंकलं?’ ते म्हणाले, संध्याकाळी सांगतो. दाढी न करताच गेले ऑफिसला.”

मी तिला तो गोल लावून दाखवला. चष्मा पुसून तिनं तो दोनदा पाहिला.

“एवढाच? ह्यांनी तर माझी लोणच्याची बरणी फोडली होती. नुकतंच घातलेलं लोणचं!”