गुळातले लोखंड

पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे टाकून यवतच्या शिवारात शिरले की हंगामात उसाच्या उकळत्या रसाचा वास येऊ लागतो. दौंड तालुक्याचा हा पट्टा कालव्याच्या आणि नद्यांच्या पाण्यावर पोसलेला आहे. त्यामुळे येथे ऊस भरपूर, आणि गुऱ्हाळेही भरपूर. अलीकडच्या वर्षांत या आणि अशा सर्वच रस्त्यांवर गुळाच्या जोडीला गुळाविषयीचा उपदेशही विकला जाऊ लागला आहे. ‘लोहयुक्त’, ‘रसायनविरहित’, ‘मधुमेहींना चालणारा’ अशा विशेषणांनी पाट्या भरलेल्या असतात. ‘गुळाचा चहा’ ही तर स्वतंत्र दुकानांची जात झाली आहे. ‘साखर सोडा, गूळ खा, तंदुरुस्त राहा’ हे वाक्य वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, व्याख्यानांत आणि शाळेच्या वर्गातही ऐकू येते.

या उपदेशाची तपासणी करावी, असे आम्हांला वाटते. आमचा आक्षेप गुळाला नाही, तो पिकवणाऱ्या किंवा रांधणाऱ्यालाही नाही. आक्षेप आहे तो गुळाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या विधानांना. ही विधाने निरुपद्रवी असती तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नववी-दहावीच्या पुढच्या वर्गांत शंभर मुली बसल्या असतील, तर निम्म्याहून अधिक मुलींना हा प्रश्न लागू आहे. त्यांना ‘गूळ-शेंगदाणे खात जा’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो, तेव्हा तो सल्ला खरा की खोटा हे पाहणे आपले कामच ठरते.

गूळ म्हणजे काय?

चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत घेतात. खाली चुलवाणात वाळलेले चिपाड जळत असते. रस तापू लागला की त्यात थोडा चुना आणि रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्यामुळे रसातली प्रथिने, मेण, माती यांचा गाळ एकत्र येऊन वर तरंगतो, आणि ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. पाणी आटत जाते. पाकाचे तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी तपासतो आणि काहील उतरवतो. थंड झाला की ढेप तयार.

साखर कारखान्यात याच रसातून साखरेचे स्फटिक वेगळे काढले जातात आणि खनिजे बहुतांशी उरलेल्या काळपट मोलॅसिसमध्ये राहतात. गुळात असे विभाजन होत नाही. म्हणून गुळात पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, थोडे लोह शिल्लक राहते. ‘गुळात खनिजे असतात, साखरेत नसतात’ हे विधान येथपर्यंत खरे आहे.

गोंधळ सुरू होतो तो ‘किती’ हा प्रश्न न विचारल्यामुळे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थाला गूळ म्हणून विकायचे, त्यात एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि त्यांपैकी सुक्रोज किमान ६० टक्के असली पाहिजे. थोडक्यात, शर्करा नसेल तर तो कायद्याने गूळच नव्हे! उरलेल्या थोड्या टक्क्यांत ओलावा, राख आणि बाकी सारे काही.

लोहाचा हिशेब

आता लोहाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या तक्त्यांतच या समजुतीचा इतिहास दडलेला आहे. जुन्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम गुळात ११.४ मिलिग्रॅम लोह दाखवलेले असे. पुढच्या सुधारित आवृत्तीत तोच आकडा २.६४ झाला. २०१७ मध्ये नव्याने नमुने गोळा करून केलेल्या तक्त्यात तो सुमारे ४.६ आहे. आकडे असे का बदलतात? गुळातले लोह हे उसाइतकेच चरकाच्या लाटांतून आणि लोखंडी काहिलीतूनही येते. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, आणि असा रस लोखंडात तासन्‌तास उकळला की थोडे लोखंड त्यात उतरते. काहील बदलली, माती मिसळली, विश्लेषणाची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. मात्र पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून फिरत राहिला तो जुना, मोठा आकडा. तक्ते सुधारले, समजूत सुधारली नाही.

नवा आकडाच धरून हिशेब करू. २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून मिळते अर्धा मिलिग्रॅमही नाही. सगळे लोह गुळातूनच मिळवायचे तर रोज सुमारे ६५० ग्रॅम गूळ खावा लागेल. त्यातून सुमारे २,३०० किलोकॅलरी मिळतील, म्हणजे तिची जवळजवळ दिवसभराची सारी ऊर्जा! ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एकदा जी लोहाची गोळी द्यायची असते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्यासाठी सव्वा किलोहून अधिक गूळ लागेल.

गुळाच्या चहाची गंमत तर आणखी वेगळी. चहातले टॅनिनसारखे घटक वनस्पतिजन्य लोहाला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतात. लोहासाठी गूळ घ्यायचा आणि तो चहात घालायचा, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

‘मधुमेहींना चालणारा’

हा दावा सर्वांत घातक आहे. गुळातली शर्करा म्हणजे सुक्रोज आणि तिच्या विघटनातून झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज. आतड्यात पोहोचल्यावर ही शर्करा आपण गुळातून आलो की साखरेतून, याची ओळख सांगत नाही. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशा मुक्त शर्करांची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवावी असे सांगितले. दोन हजार किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. या मोजणीत साखर, गूळ, मध, काकवी सारे एकाच खात्यावर जमा होते.

‘हे शहरी लोकांचे दुखणे’ असेही समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे कमी वजनाची असूनही त्यांच्या शरीरातली चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. बाहेरून किरकोळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते. तेव्हा ‘आमचा मुलगा सडपातळ आहे, त्याला गोडाचे भय नाही’ हा ग्रामीण पालकाचा दिलासाही भक्कम पायावर उभा नाही.

धूळ, रंग आणि उंदीर

‘धुळीत काम करणाऱ्याने गूळ खावा, फुफ्फुसे साफ होतात’ हेही पुष्कळदा सांगितले जाते. या विधानामागे एक प्रयोग आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कोळशाची आणि सिलिकाची धूळ फुफ्फुसात सोडलेल्या उंदरांना गूळ दिल्यावर काही अनुकूल बदल दिसले. प्रयोग प्रामाणिक आहे. उडी आहे ती आपली. उंदरांवरचा एक प्रयोग माणसांवरच्या चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही. खाणीत किंवा गिरणीत काम करणाऱ्याला मुखपट्टी आणि हवा खेळती ठेवणारी व्यवस्था हवी. त्याऐवजी गुळाचा खडा हातावर ठेवणे ही त्याची फसवणूक आहे.

रंगाविषयीही असेच. पिवळाधमक गूळ दिसावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात, हे सर्वश्रुत आहे. त्यावरून ‘काळा तो शुद्ध’ असा उलटा नियम काढला जातो. पण उसाची जात, जमीन, नीट न काढलेली मळी किंवा करपलेला पाक यांनीही गूळ काळा होतो. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत प्लास्टिक आणि टायर जळवण म्हणून वापरल्याच्या, गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारी वेळोवेळी वर्तमानपत्रांत आल्या आहेत. यांतले काहीही नुसत्या रंगावरून कळत नाही. चुलवाणाच्या धुराचा त्रास तर आधी तेथल्या मजुरांना आणि शेजारच्या वस्तीला होतो. ‘आरोग्यदायी’ या शब्दात त्यांचे आरोग्य धरलेले नसते. तपासणीऐवजी विशेषणांवर बाजार चालू लागला की नीट काम करणाऱ्या गुऱ्हाळवाल्याचेही नुकसानच होते.

यवतचे पिठले-भाकरी

मग चांगले खाणे कोणते? त्याचे उत्तर यवतमध्येच सापडते. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला येते, तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण देतात. या ताटाकडे पोषणाच्या दृष्टीने पाहू. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ आणि हरभऱ्याच्या डाळीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर पिठले यांतून ९-१० मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणजे गुळाच्या खड्याच्या वीसपट. शिवाय प्रथिने आणि चोथा वेगळाच. बाजरीतली फायटेट द्रव्ये शोषणाला अडथळा करतात, हे खरे. पण जेवताना लिंबू पिळले, नंतर पेरू किंवा आवळा खाल्ला की क जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारते. चहा मात्र जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

हे केवळ तक्त्यावरचे गणित नाही. लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या ‘धनशक्ती’ वाणाच्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयोगटातल्या शाळकरी मुलांना देऊन एक चाचणी झाली. तिच्यात २४६ मुले होती. निम्म्यांना साध्या बाजरीची भाकरी होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुळात लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये ती भरून निघण्याची शक्यता धनशक्तीच्या गटात सुमारे १.६ पट होती. दावा तपासायचा तो असा: दोन गट, रक्ताची तपासणी आधी आणि नंतर. गुळाच्या पाटीमागे असे काही उभे नाही. वर सांगितलेल्या सहा गावांच्या अभ्यासातही ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची आढळली.

आणि वारीत दुसरा अर्धा भाग आहे तो चालण्याचा. साठ किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर चालायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. लोणी ते यवत हे पंचवीसेक किलोमीटर चालणारा वारकरी त्यातच बाराशेहून अधिक खर्च करतो. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर गूळ-पाणी ठेवण्याच्या जुन्या रीतीत शहाणपण होते, कारण तो पाहुणा चालत आलेला असे. आज तोच गूळ आपण मोटारीतून उतरून खातो. गूळ बदलला नाही, चालणे बदलले. मुलांना रोज किमान तासभर आणि प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे अंगमेहनत हवी, ही आजची शिफारस आहे. वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनी याचा विचार करावा.

वर्गात करण्यासारखे

विद्यार्थ्यांना घरी महिन्याला किती साखर आणि किती गूळ लागतो याची नोंद करायला सांगावे. बेरजेला घरातल्या माणसांनी आणि दिवसांनी भागून येणारा आकडा २५ ग्रॅमशी ताडून पाहावा. आठवड्यात पालेभाजी आणि फळ किती वेळा खाल्ले, तेही लिहावे. जवळ गुऱ्हाळ असेल तर भेट द्यावी आणि जळवण कोणते, काहील कशाची, रस कशाने स्वच्छ करतात, हे गुळव्याला विचारावे. मग गुळाच्या एखाद्या जाहिरातीतले प्रत्येक विधान फळ्यावर लिहून त्यापुढे ‘किती?’, ‘कशाच्या तुलनेत?’ आणि ‘कोणावर तपासले?’ हे तीन प्रश्न मांडावेत.

आणि एखादी मुलगी वारंवार थकत असेल, फिकट दिसत असेल, तिला धाप लागत असेल, तर तिला गुळाचा खडा सांगू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, जंतांचे औषध आणि लोहाची गोळी तिला वेळेवर मिळते का आणि ती ती घेते का, हे पाहावे. गूळ पुरणपोळीत असू द्या, तिळाच्या लाडवात असू द्या. गोड म्हणून, चवीने, बेताने खा. औषध म्हणून मात्र नको.