‘लगान’चा कचरा आणि ‘झुंड’ची भिंत

करमाळ्यात मी महाविद्यालयात शिकवतो. वर्गात ‘लगान’चा विषय निघाला की पोरे आजही कचराच्या हॅटट्रिकपाशी येऊन थांबतात. त्यांत आपल्या वस्तीतली पोरेही असतात. ही भुरळ कशाची, हे तपासले पाहिजे.

२००१ सालचा हा चित्रपट १८९३ सालच्या खेड्यात घडतो. अस्पृश्य कचराला संघात घेतात, कारण त्याच्या अधू हातातून चेंडू वळतो. म्हणजे त्याची कला ही त्याची कमाई नव्हे, व्यंगाने दिलेली देणगी! हक्कासाठी तो स्वतः तोंड उघडीत नाही. भुवन त्याच्या वतीने भाषण करतो. असले औदार्य आपण पुष्कळ पाहिले आहे.

खरा इतिहास इतका मुका नाही. पाळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टी राखीत आणि साहेबांना तासन्‌तास सरावाची गोलंदाजी टाकीत. ती फिरकी घोटून घोटून आलेली होती. हिंदूंच्या संघात ते खेळले, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले; तरी कप्तानपद नाहीच. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला, तेव्हा कुठे १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. (हेच बाळू १९३७ मध्ये बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. तो कडू विषय वेगळा.)

आमच्याच तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. नागपूरचे विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर तो बेतलेला आहे. इथेही वस्तीला बाहेरून गुरुजी यावा लागतो, आणि तो अमिताभ बच्चन असल्यामुळे बराचसा उजेड त्याच्यावर पडतो, हे मला खटकते. पण आंबेडकर जयंती इथे पोरांची स्वतःची आहे. आणि भिंतीपलीकडच्या कॉलेजशी होणारा मोठा सामना मंजुळे मध्यावरच उरकून टाकतात. त्यानंतर येतात कागदपत्रे, पासपोर्ट, ओळख पटवण्याची वणवण, विमानतळ. गोल मारून भिंत पडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

“सामन्यानंतर पिक्चर लांबला, सर,” असे एक विद्यार्थी मला म्हणाला. एका दाखल्यासाठी तुला किती हेलपाटे पडले, असे मी त्याला विचारले.

“सहा,” तो म्हणाला.