‘मला आई व्हायचंय!’ आणि कथेतून गळालेली सुई



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हार्मोनच्या इंजेक्शनांवर काय बोलावं, असा प्रश्न इथे काहींच्या मनात असणार. रास्त आहे. कोणतं औषध, किती, कधी, हे सांगणं डॉक्टरांचं काम. आम्ही त्यात पडणार नाही. आम्हाला बोलायचंय ते गोष्टींबद्दल. नवरा नसलेली बाई मूल व्हावं म्हणून उपचाराला जाते, तेव्हा तिच्यासमोर पेच येतो: इंजेक्शनं घ्यायची, की गोळ्यांवर भागवायचं, की काहीच न घेता महिन्याच्या चक्रावर सोडायचं? हा पेच सोडवताना ती जे शब्द वापरते ते तिला सिनेमाने दिलेले असतात, पुराणांनी दिलेले असतात, आणि थोडेफार शेजारणींनी. ते शब्द अपुरे आहेत, काही ठिकाणी तर दिशाभूल करणारे आहेत, एवढंच आज दाखवायचं आहे.

समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ २०११ साली पडद्यावर आला. मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि २०२१ मध्ये त्यावरून हिंदीत ‘मिमी’ झाला. पोरे स्वतः वकील. सरोगसीसारखा विषय त्यांनी मराठी घरात आणला, हे मोठं काम आहे. उर्मिला कानेटकरांची यशोदा आम्हाला आजही आठवते. पण हे शीर्षक जरा व्याकरणाने बघा. ‘मी आई होणार’ असं ते नाही. ‘मला आई व्हायचंय’. मराठीत भूक ‘मला’ लागते, झोप ‘मला’ येते, भीतीही ‘मला’ वाटते. इच्छा माणसाकडे येते, माणूस तिच्याकडे जात नाही. हे वाक्य म्हणणाऱ्या बाईला आपण लगेच समजून घेतो, कारण वाक्यातच ती इच्छेच्या तावडीत सापडलेली आहे. मात्र ‘मी ही इंजेक्शनं घेईन’ किंवा ‘मी घेणार नाही’ असं ती म्हणाली, तर तिथे ‘मी’ येतो. हा ‘मी’ आपल्या कथांना सोसत नाही. यशोदेची माया चित्रपटाला कळते, परदेशी बाईने पाठ फिरवली की राग कळतो, कायद्याचा पेचही कळतो. पण सरोगसीत औषधं दोन शरीरांत जातात, जिचं बीज तिच्या आणि जिचं गर्भाशय तिच्या. त्या दिवसांवर कथा रेंगाळत नाही. प्रेक्षक थिएटरबाहेर पडतो तो ‘बाळ कोणाचं?’ हा एकच प्रश्न घेऊन.

दुसरं उदाहरण याहून बोचणारं आहे. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’, १९९०. पंकज कपूर, शबाना आझमी. रमापद चौधुरींच्या ‘अभिमन्यू’ कादंबरीवरचा हा चित्रपट कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या आयुष्यावरून सुचलेला, हे सर्वांना ठाऊक आहे. मुखर्जींच्या प्रयत्नातून ३ ऑक्टोबर १९७८ ला ‘दुर्गा’ जन्मली. इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली २५ जुलैला, म्हणजे जेमतेम सत्तर दिवस आधी. सरकारी समितीने मुखर्जींचा दावा उडवून लावला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्मली. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार. पुढे मुखर्जींच्या नोंदी वाचून ‘माझ्याआधी हे काम यांनी केलं होतं’ असं १९९७ मध्ये छापून सांगणारे तेच. असा मोठेपणा विद्यापीठांत आम्ही फारसा पाहिला नाही, पण ते जाऊ द्या.

चित्रपटात काय झालंय बघा. डॉक्टर शोधतो ती कुष्ठरोगाची लस! प्रतिष्ठेसाठी असेल, प्रेक्षकांच्या संकोचापोटी असेल, गर्भाशयच कथेतून काढून टाकलं. अपमान झालेला पुरुष राहिला आणि जिच्या शरीरावर प्रयोग झाला ती आई गेली. चित्रपट उत्तमच आहे. पण त्याच्यामुळे एक गोष्ट दोन पिढ्यांना कळलीच नाही. लुईसच्या आईला बीजांडं वाढवण्याची इंजेक्शनं दिलेली नव्हती. तिच्या नेहमीच्या मासिक चक्रात तयार झालेलं एकच बीज डॉक्टरांनी घेतलं. मुखर्जींनी मात्र हार्मोन देऊन जास्त बीजं तयार करवली आणि गर्भ गोठवून नंतर सोडला. म्हणजे आज आमची मुलगी ज्या पेचात आहे, ‘सुया की बिनसुया’, तो पेच पहिल्या दोन बाळांच्या वेळीच दोन बाजूंनी उभा होता. १९७८ सालीच! पुढे जगाने बहुतांशी मुखर्जींची वाट धरली, कारण एका बीजावर एकच डाव लागतो, आणि तो बऱ्याचदा हुकतो.

आता पुराण. गांधारीचे शंभर कौरव म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं की टाळ्या पडतात. आम्हाला त्या टाळ्यांचा कंटाळा आला आहे. आदिपर्वात वाचण्यासारखं आहे ते वेगळंच. गांधारीला हवेत एकदम शंभर. दोन वर्षं वाट पाहून ती स्वतःच्याच पोटावर प्रहार करते. कुंती एकेकाला बोलावते, एका वेळी एक. आणि तीन मुलं झाल्यावर पंडू आणखी मागतो तेव्हा ती सरळ नाही म्हणते. कुठे थांबायचं हे सांगणारी बाई आपल्या वाङ्मयात आहे, पण तिच्या या नकारावर कोणी कीर्तन केल्याचं आम्ही ऐकलं नाही. तिचा कर्ण मात्र सगळ्यांना पाठ. एकट्या बाईचं मूल म्हटलं की आपल्याला नदीत सोडलेली पेटीच दिसते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी, याच तालुक्यातली, वय अडतीस, लग्न नाही, नोकरी आहे. तिने फोनवर विचारलं, “सर, सुया घेऊ का नको? सगळे म्हणतात नैसर्गिक ते बरं.” आम्ही म्हटलं, ‘बरं’ म्हणजे काय, ते आधी बघू.

‘नैसर्गिक’ हा शब्द युक्तिवादाचा आव आणतो. विनाऔषधाच्या चक्रातही सोनोग्राफीच्या खेपा असतात, बीज वेळेआधी सुटलं तर तो महिना फुकट, आणि वीर्यपेढीतून आणलेल्या दात्याच्या नमुन्याचे पैसे प्रत्येक प्रयत्नाला नव्याने. मोहोळहून सोलापूर तीस-पस्तीस किलोमीटर. एसटीने महिन्यात चार खेपा, असे सहा महिने, दर वेळी रजेचा अर्ज, दर वेळी नवं कारण. हा त्रास ‘नैसर्गिक’ या शब्दात बसत नाही म्हणून मोजलाच जात नाही. उलट सुयांचा त्रास डोळ्यांना दिसतो. साधारण आठ ते बारा दिवस रोज पोटावर टोचून घ्यायचं, औषध फ्रिजमध्ये जपायचं, वीज गेली की जीव टांगणीला. शेवटची सुई रात्री ठरल्या मिनिटाला. त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं काढतात. बीजकोश प्रमाणाबाहेर फुगून पोटात पाणी होण्याचा धोकाही आहे, पीसीओएस असलेल्या बाईला तो अधिक. आज औषधं बदलून आणि गर्भ गोठवून तो बराच कमी करता येतो, पण आहे. आणि ‘सुया म्हणजे खात्री’ हाही भ्रमच: इंजेक्शनाने बीजांची संख्या वाढते, त्यांचं वय कमी होत नाही.

मजा अशी की ही औषधं ज्या शब्दाच्या विरोधात उभी केली जातात, त्याच निसर्गातून ती प्रथम आली. पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीत हे हार्मोन भरपूर असतं. इटलीत सेरोनो कंपनीने ते मिळवलं मठांतल्या वृद्ध ननकडून. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या एकट्या बायकांनी जगातल्या कितीतरी पाळण्यांना हातभार लावला! ‘कृत्रिम’ कशाला म्हणायचं, सांगा.

गोळ्यांचीही एक कथा आहे. लेट्रोझोल ही पाच दिवसांची स्वस्त गोळी. वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर आपल्या सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएसच्या रुग्णांत ती जुन्या क्लोमिफेनपेक्षा सरस ठरली, आणि २०१७ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात ज्या बायकांनी ‘निवड’ केली, त्यांच्या ताटात एक पदार्थ वाढलाच नव्हता. निवडीवर बोलणारे आमचे तत्त्वज्ञ बंधू ताटाकडे क्वचितच बघतात.

पण विद्यार्थिनीला आम्ही जे विचारायला सांगितलं ते याहून साधं होतं. “तुला आजार काय आहे?” तिने सांगितलं, तपासण्या ठीक आहेत, पाळी नियमित आहे, नळ्या मोकळ्या आहेत. मग नवरा नसणं हे वंध्यत्व कसं? जिला फक्त पुरुषबीज हवंय, तिच्यासाठी दात्याचं वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची साधी पद्धत आहे, तीही औषधाविना किंवा गोळ्यांवर. अडतिसाव्या वर्षी तिथे किती महिने घालवायचे, हा खरा प्रश्न. पंचविशीत उत्तर वेगळं, चाळिशीत वेगळं. नुसता एएमएचचा आकडा कमी आला म्हणून ‘लगेच सुया’ असं म्हणणंही पटत नाही. तो आकडा सुयांना किती बीजं येतील याचा अंदाज देतो. या महिन्यात दिवस राहतील का, ते तो सांगत नाही. जोडप्यासाठी आखलेला रस्ता एकट्या बाईला जसाच्या तसा लावला जातो, आमची टीका त्यावर आहे. ‘दत्तक का घेत नाहीस?’ हा प्रश्नही तिलाच विचारला जातो, जोडप्याला क्वचित. एकटी बाई कायद्याने दत्तक घेऊ शकते, घ्यावंही. पण तो पर्याय म्हणून सुचवावा, शिक्षा म्हणून नको.

२०२१ चा सहाय्यक प्रजननाचा कायदा या बाबतीत आपल्या कथांपेक्षा पुढे आहे. एकवीस ते पन्नास वयाच्या बाईला, लग्न झालेलं असो नसो, हा उपचार घेता येतो. त्याच वर्षीचा सरोगसीचा कायदा मात्र एकट्या बायकांत फक्त पस्तीस ते पंचेचाळीसची विधवा किंवा घटस्फोटित ओळखतो. अविवाहितेला दार बंद. म्हणजे मूल होऊ द्या, पण स्वतःच्याच पोटी. आणि आणखी एक विसंगती बघा. बीजदान करणाऱ्या बाईकडून आयुष्यात एकदाच, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, तिचा वर्षभराचा विमा उतरवायचा, असं कायदा सांगतो. चांगलं आहे. पण स्वतःसाठी सुया घेणाऱ्या बाईला अशी मर्यादा नाही, असा विमाही सक्तीचा नाही. परक्यासाठी शरीर वापरलं तर धोका मोजायचा, स्वतःसाठी वापरलं तर ती ‘इच्छा’. म्हणजे पुन्हा तेच ‘मला व्हायचंय’चं व्याकरण.

विद्यार्थिनीने काय ठरवलं ते ती सांगेल तेव्हा सांगेल. तिने आम्हाला एवढंच विचारलं, की बीजं काढल्यावर भूल उतरेपर्यंत दवाखान्यात सोबत माणूस लागतो, आणि संध्याकाळी घरी पोचवायलाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, मग कोणाला नेऊ? तिच्या निवडीतला सगळ्यात मोठा भाग याच प्रश्नाने ठरवला, औषधाच्या नावाने नव्हे. साध्या पद्धतीला भूल लागत नाही, ती एकटी जाऊन दुपारच्या एसटीने परत येऊ शकते. एवढ्यावर कोणी चित्रपट काढला तर आम्ही तिकीट काढून जाऊ.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूला ज्या ताई उभ्या आहेत, त्यांच्याकडे आधी माईक द्या.