काचेखालचे ऊन, आभाळाखालचे ऊन

पिकांची परीक्षा हरितगृहात घ्यावी की शेतात? नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९९७ साली राष्ट्रीय फायटोट्रॉन उभे राहिले आणि २०१७ मध्ये नानाजी देशमुख वनस्पती फिनॉमिक्स केंद्र सुरू झाले. या केंद्रात कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यांपुढे येतात आणि रोपांची वाढ, पानांचे तापमान यांची नोंद होते.

अशा हरितगृहांचा मोठा गुण म्हणजे एका वेळी एकच घटक बदलता येतो. शेतात पाणी, उष्णता आणि कीड एकदमच येतात. रोप कशाने वाळले ते कळत नाही. शिवाय, दिव्यांना भर दुपारच्या उन्हाची बरोबरी करणे कठीण व खर्चाचे. म्हणून येथे सूर्यप्रकाशच वापरतात.

पण ‘नैसर्गिक प्रकाश’ या शब्दाने आपण फसू नये. काच आणि तिचा सांगाडा बराच प्रकाश अडवतात. साधी काच अतिनील किरणांतला ‘ब’ गट जवळजवळ सगळाच रोखते. कोपऱ्यातल्या आणि मधल्या कुंडीला सारखा प्रकाश मिळत नाही, म्हणून कुंड्यांच्या जागा बदलाव्या लागतात.

आमचा मुख्य आक्षेप मात्र पुढचा आहे. दिल्लीचे ऊन ठाण्याचे नव्हे. मुरबाड-शहापूरचा भात वाढतो तो जुलै-ऑगस्टच्या ढगांखाली. फुलोऱ्याच्या सुमारास प्रकाश कमी पडला की पोचट दाणे वाढतात. तेव्हा दिल्लीच्या काचेखाली पहिले आलेले वाण येथेही पहिले येईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी कल्याणहून लोकलने गाठता येणाऱ्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी, भर पावसात, उघड्या शेतातच चाचणी हवी. हरितगृह ही पहिली चाळणी आहे, अंतिम निकाल नव्हे. ही मर्यादा विसरली तर नुकसान शेतकऱ्याचे होते.

वर्गात याचा पडताळा घेता येईल. मुगाच्या सहा सारख्या कुंड्यांपैकी तीन बंद खिडकीच्या काचेमागे आणि तीन गॅलरीत ठेवा. पाणी मोजून घाला, पंधरा दिवस उंची व पाने मोजा. फरक दिसला की मुलांना विचारा : हा प्रकाशाचा परिणाम, की उष्णतेचा, की वाऱ्याचा? नेमके उत्तर देता येणार नाही, कारण तिन्ही घटक एकदम बदलले. मग प्रयोग कसा सुधारावा, हे मुलांनाच ठरवू द्या. तेथूनच खरा प्रयोग सुरू होतो.