महाविद्यालयीन वार्षिकें आणि लाल शाई

आपल्या मासिकांतून कादंबऱ्यांचीं परीक्षणें येतात, काव्यसंग्रहांचीं येतात, क्वचित् एखाद्या शब्दकोशाचेंहि येतें. परंतु महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांचें परीक्षण सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण उघड आहे. ज्यांचा मजकूर छापून आला तेवढेच हे अंक उघडतात, आणि तेहि आपल्या पानापुरते. प्राचार्यांचें मनोगत, विभागांचे अहवाल, पारितोषिकांची यादी, आणि उरलेल्या जागेंत आई, पाऊस व मैत्री या तीन विषयांवरील कविता, ही त्यांची ठरलेली मांडणी. मूल्यांकन-समिती यावयाची असली म्हणजे कागद गुळगुळीत होतो, एवढाच काय तो फरक.

अशा अंकांत नवा जीव ओतावा म्हणून दर दोन-चार वर्षांनीं एखाद्या प्राध्यापकाची नेमणूक होते. तो मुखपृष्ठ बदलतो, स्पर्धा लावतो, एखाद्या नामांकित लेखकाचा संदेश मिळवितो. अंक देखणा निघतो. वाचनीय निघत नाहीं. दुखणें मुखपृष्ठाचें नसतेंच.

या बाबतींत साने गुरुजींचें उदाहरण हटकून दिलें जातें. १९२४ सालीं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले व पुढें तेथील छात्रालयाचें काम त्यांच्याकडे आलें. त्या मुलांसाठीं त्यांनीं हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक चालविलें, १९२८ मध्यें 'विद्यार्थी' मासिक काढलें, आणि १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत गेले. शाळेचें काम संभाळून रोजच्या रोज एवढा मजकूर हातानें लिहून काढणें ही तपश्चर्याच होय, व तिच्यापुढें आम्ही नम्र आहोंत. तरीहि परीक्षकाच्या नात्यानें एक भेद दाखविणें भाग आहे. तें दैनिक म्हणजे मुख्यतः गुरुजींनीं मुलांना लिहिलेलें पत्र होतें. 'श्यामची आई'मधून १९३५ सालीं जो आवाज महाराष्ट्रानें ऐकला, तो अमळनेरच्या मुलांनीं आधींच ऐकला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र हा कित्ता इतरांस गिरवितां येणार नाहीं. संपादक नेमतां येतो, साने गुरुजी नेमतां येत नाहींत.

दुसरें उदाहरण आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेंत महाविद्यालय काढलें; तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध झालें. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार, 'युगयात्रा'चे कर्ते. परंतु त्यांची खरी कामगिरी ही कीं, ज्यांच्या घरांत पूर्वी कोणी लेखणी धरली नव्हती अशा मुलांना त्यांनीं आपल्याच जगण्याविषयीं लिहिण्याचा धीर दिला. त्याच वातावरणांतून १९६७ सालीं 'अस्मिता' हें नियतकालिक निघालें, दुसऱ्या वर्षीं तें 'अस्मितादर्श' झालें, आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांनीं २०१८ सालीं आपला अंत होईपर्यंत तें संभाळलें. दलित साहित्याचा इतिहास या त्रैमासिकास वगळून लिहितां येत नाहीं. महाविद्यालयाच्या आवारांत उगवलेलें लेखन आवाराबाहेर गेलें, त्याचें कारण त्या मुलांपाशीं सांगण्यासारखें होतें आणि तें सांगूं देणारी माणसें तेथें होतीं.

हें सारें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तरीहि बंद पडलेलें वार्षिक पुन्हां उभें करण्याचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां आम्ही काय केलें तें सांगण्यासारखें नाहीं, पण सांगतों.

पिंपळवंडीच्या एका विद्यार्थ्यानें आमच्याकडे चार पानें आणून दिलीं. हें गांव जुन्नर तालुक्यांत, पुणें–नाशिक रस्त्यावर, नारायणगांव व आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. भोंवतीं ऊंस, आणि उंसांत बिबटे. शेतीची वीज पुष्कळदां रात्रींच मिळते, त्यामुळें पाणीहि रात्रींच द्यावें लागतें. वडिलांच्या मागोमाग विजेरी घेऊन 'दारें धरावयास' गेल्याची हकीकत त्यानें लिहिली होती. तिकडे बिबट्यास वाघच म्हणतात. त्यानेंहि वाघच लिहिलें होतें.

आम्ही लाल शाई उघडली. 'दारें धरणें' खोडून 'पाणी देणें' केलें. प्राणिशास्त्राचा मान राखून प्रत्येक वाघाचा बिबट्या केला. वडील पुढें थांबून एकदां खांकरतात, एवढ्या एका वाक्यांत मुलाची सारी भीति होती. तेथें आम्ही 'माझ्या अंगावर भयानें शहारे आले' असें घातलें. एकूण ३१ दुरुस्त्या. आम्हांस त्यांचें समाधानहि वाटलें होतें.

अंक निघाल्यावर तो मुलगा भेटला. "सर, चांगलं छापलंय," तो म्हणाला. "आजीला वाचून दाखवलं. ती म्हणली, चांगलंय, पण हे गाव कुठलं?" त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. असती तर आम्ही उत्तर तरी दिलें असतें.

यंदाच्या अंकांत तोच लेख, त्यानें प्रथम दिला होता तसा, आम्ही पुन्हां छापीत आहोंत. त्याचा सुगावा इतरांस लागला असावा, कारण या खेपेस पावसावरील कविता निम्म्यावर आल्या. एका मुलीनें नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजाराविषयीं लिहिलें आहे. पहाटे भाव ऐकून वडील गाडीजवळ परत येतात तेव्हां त्यांच्या चालीवरूनच तिला तो कळतो, हा भाग उत्तम उतरला आहे. नारायणगांवच्या तमाशाच्या राहुट्यांवरचा लेख मात्र ऐकीव माहितीचा आहे. सुपारी ठरवितांना गांवकरी व फडमालक बोलतात काय, हें लेखक जवळ बसून ऐकून आलेला नाहीं, आणि तसें आम्ही त्यास सांगितलेंहि. तो पुन्हां लिहिणार आहे.

मुद्रितें परवां आलीं. पिंपळवंडीच्या लेखांत 'दारें धरलीं' या शब्दांखालीं मुद्रितशोधकानें रेघ ओढून समासांत प्रश्नचिन्ह काढलें होतें. आम्ही लाल शाईनें तें प्रश्नचिन्ह खोडलें व पान छपाईस पाठविलें.