पडीत आणि राखीव : आदिलाबादचे अरण्य व आमचे वनसाहित्य

मराठी वनसाहित्याची एक परंपरा आता सिद्ध झाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले, व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' १९८२ साली. आणि वनखात्यात आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे अरण्यविषयक गद्याचे मोठे भांडार उभे होते. या लेखनातील निरीक्षणाची सूक्ष्मता व भाषेची ताजगी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हांस येथे एक निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. अरण्यावर माणसाचा हात पडला म्हणजे अरण्य त्यास काय उत्तर देते, हे या साहित्याने आम्हांस कितपत सांगितले आहे?

या प्रश्नाच्या कसोटीसाठी आम्ही आदिलाबादचे अरण्य घेतो. ते मराठी वाचकास परके नाही. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले. उरलेला जिल्हा प्रथम आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात राहिला, आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. सीमा हलल्या, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा साग मात्र एकच आहे. शिवाय गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या येथील परधानांची घरची बोली मराठीच आहे.

हे पानगळीचे, कोरडे सागवनाचे रान आहे. उन्हाळ्याच्या ताणाला साग प्रथम पाने टाकून उत्तर देतो. उथळ जमिनीवरचे सागाचे रोप पुष्कळदा उन्हाने किंवा वणव्याने वरून मरते. पण जमिनीखाली त्याचे मूळ जाड होत राहते, आणि पुरेसे बळ साठले की एके वर्षी ते वेगाने वर जाते. झाड तोडले तर खुंटाला फुटवे येतात. मूळ आधीच तयार असल्याने हे फुटवे बीजाच्या रोपापेक्षा प्रथम झपाट्याने वाढतात. मात्र त्याच खुंटावर पुनःपुन्हा कुऱ्हाड पडली तर त्याचा जोम ओसरतो. गुरांची चराई अतोनात झाली तर खाण्याजोगी रोपे नाहीशी होतात व काटेरी झुडपे उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी शिरली तर नव्या रोपास प्रकाश मिळत नाही. केवळ सागाचीच लागवड केली आणि पालापाचोळा दर वर्षी जळू दिला, तर पावसाचे टपोरे थेंब उघडी माती वाहून नेतात. तात्पर्य, अरण्य सोसते, परत येते, परंतु त्यासाठी त्यास विसावा लागतो. विसाव्याची मुदत हा येथील सर्व इतिहासाचा कळीचा मुद्दा आहे.

हा इतिहास आम्हांस मुख्यतः ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात, व पुढे त्यांनीच केलेल्या लेखनात वाचावयास मिळतो. डोंगरमाथ्यावरील हलक्या जमिनी गोंड काही वर्षे कसत, मग त्या सोडून दुसरीकडे वळत, आणि पहिलीवर झुडपे व झाडे वाढू देत. कोलाम तर उतारावर कुदळीने फिरती शेती करीत. निजामी राजवटीत राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, तेव्हा अशा विसाव्यास टाकलेल्या जमिनी झाडोरा वाढल्यामुळे जंगलातच धरल्या गेल्या. परतून येणाऱ्या कुणब्यास आपलेच शेत सरकारी झालेले आढळले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरांत कुमरम भीमूचे बंड झाले व त्यात तो मारला गेला, त्यामागे हेच दुखणे होते. त्यानंतरच शासनाने हायमेनडॉर्फ यांना तेथील परिस्थिती अभ्यासावयास पाठविले, आणि पुढे पुष्कळ गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले.

वाचकांनी येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. 'पडीत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी पडीत म्हणजे विसावा दिलेली जमीन. दप्तरात पडीत म्हणजे कोणाची नसलेली. रेषा आखणाराने पहिला अर्थ वाचला नाही, दुसरा वाचला. परिणाम असा झाला की हाती उरलेल्या तुटपुंज्या जमिनीवर फेर लवकर लवकर घ्यावा लागला, विसाव्याची वर्षे घटली, खुंट दमले, माती धुपली. आणि मग ह्या ऱ्हासाचा दोष कसणाराच्या माथी मारून त्यास 'अतिक्रमण' हे नाव देण्यात आले. चुकीच्या वाचनातून जे उपजले ते त्या वाचनाचा पुरावा म्हणून पुढे आणले गेले. समीक्षकाच्या दृष्टीने हा वाचनाचाच अपराध आहे, म्हणून तो आमच्या कक्षेबाहेर नाही.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. 'ऋतुचक्रा'त झाड ऋतूला उत्तर देते. महिन्यामागून महिना पालवी, फुले, फळे यांचे रूप बदलते, आणि ते बाईंनी अनुपम रीतीने टिपले आहे. पण चक्र म्हटले की सारे मूळ जागी परत येणार ही ग्वाही त्यातच आली. तोडलेल्या रानास ती ग्वाही नसते. 'सत्तांतरा'त नागझिऱ्याचे रान वानरांच्या टोळ्यांच्या संघर्षाची रंगभूमी आहे. रान स्वतः त्यात पात्र होत नाही. चितमपल्लींना अरण्याच्या व्यवस्थापनाचे ज्ञान अर्थातच होते, आणि आदिवासींच्या वनविद्येविषयी त्यांना असलेला आदर पानोपानी जाणवतो. तथापि त्यांच्या गद्याचा ओढा पक्षी, प्राणी व वनस्पती यांच्याकडे आहे, तोड, लागवड व राखीव रेषा यांच्याकडे तितका नाही. याउलट विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या 'आरण्यक' या बंगाली कादंबरीचा निवेदक हा रान तोडून कुळांना जमीन देणारा जमीनदारीचा व्यवस्थापकच आहे. ज्या सौंदर्यावर तो मुग्ध होतो ते त्याच्याच हातून नष्ट होते, ही वेदना त्या कादंबरीचा प्राण आहे. अशी कृती मराठीत आम्हांस हवी आहे.

यावर कोणी म्हणेल की, राखीव रेषा नसत्या तर आज साग उरलाच नसता. हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. लाकडाच्या व्यापारास व बाहेरून आलेल्या वसाहतकारांस आवर घालणे आवश्यक होते. व्याघ्रप्रकल्प म्हणून २०१२ साली घोषित झालेल्या कवाळच्या रानासही निवांतपणा हवा. पण कुऱ्हाड कोणाची, किती वर्षांनी व कशासाठी पडते, हा भेद न करणारे संरक्षण रानासही ओळखीत नाही. शेतात मोहाचे झाड राखून नांगर फिरविणारा आणि ठेक्याने डोंगर मोकळा करणारा हे दोघे एकाच शब्दात बसत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा भेद तत्त्वतः मान्य केला. भाषेने तो अद्याप पुरता केलेला नाही.

म्हणून अध्यापक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. वर्गात अरण्याचा उतारा शिकविताना उपमा व वर्णनशैली अवश्य दाखवावी. परंतु त्या उताऱ्यातील झाड बीजाचे की खुंटावरचे, ते कोणी राखले, त्याच्या सावलीतून कोण उठविले गेले, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. सीमेवरच्या शाळांत तर या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांच्या घरीच मिळतील. ती मराठीत लिहिली जावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.